घुंगरू, धबधबा आणि चार वाहिन्या

अवकाशीय ध्वनीत आवाजाला तीन गोष्टी द्याव्या लागतात: दिशा, अंतर आणि तो ज्या जागेत उमटला त्या जागेची खूण. चित्रपटगृहातला प्रेक्षक खुर्चीत बसून असतो, म्हणून तिथे या तिन्ही गोष्टी एकदाच ठरवून भोवतालच्या स्पीकरांत वाटून देता येतात. आभासी वास्तवात आणि खेळात ऐकणारा मान वळवतो, खाली वाकतो, चार पावले पुढे जातो. आवाजाने मात्र आपल्या जागीच राहायचे असते. हे साधण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांतली कोणती घ्यावी, यावरून दोन टोकाची मते चालत आली आहेत.

जत्रा, लोकनृत्य, जंगल किंवा धबधबा असे खरेखुरे काही आभासी रूपात आणण्याचा विषय निघाला की पहिले मत हमखास पुढे येते. जागेवर जावे, मधोमध ॲम्बिसोनिक माइक उभा करावा, चहूबाजूंचा आवाज एका दमात टिपावा आणि तोच हेडसेटमध्ये वाजवावा. जे होते ते मिळाले, त्यात भर नाही की घट नाही. बाकी सगळी कारागिरी म्हणजे बनावट. दुसरे मत खेळ तयार करणाऱ्यांचे. प्रत्येक आवाज सुटा ठेवावा, प्रत्येकाला एचआरटीएफची, म्हणजे कानाला दिशा कशी कळते याच्या मापांची, गाळणी लावावी आणि बाकीचे काम यंत्रावर सोडावे. पहिले मत प्रामाणिकपणाचा दाखला देते, दुसरे अचूकतेचा. दोन्ही अर्धी खरी आहेत. अर्धे खरे मत धडधडीत खोट्यापेक्षा महाग पडते, कारण चूक कळेपर्यंत मुद्रण आटोपलेले असते आणि नाचणारे घरी गेलेले असतात.

या मतांची परीक्षा घ्यायला तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा सोयीचा आहे. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ नि चंद्रपूर, पलीकडे आदिलाबाद. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चारही भाषा इथल्या बाजारात कानावर पडतात. 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. आजच्या आदिलाबादकडे इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरचे नागोबा देवस्थान राहिले आणि नेरडीगोंडा मंडलातला कडेम नदीवरचा कुंटाला धबधबाही राहिला. दिवाळीच्या दिवसांत राजगोंडांच्या गावोगावी दंडारी निघते आणि तिच्यात गुसाडी नाचतात. नाव ओळखीचे वाटले तरी झाडीपट्टीतली दंडार हा वेगळा प्रकार; तिथे सोंगे आणि संवाद असतात, इथे व्रत आणि नृत्य. गुसाडीच्या डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप, अंगाला राख, हातात दंड आणि अंगावर घुंगरू. मारलवाईचे कनकराजू यांना याच नृत्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा जिल्ह्याबाहेरच्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. मारलवाई आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते, पण दंडारीला जिल्ह्याच्या नव्या रेषा ठाऊक नाहीत.

वाद कळण्यासाठी आधी कान कळला पाहिजे. आवाज उजवीकडून आला तर तो डाव्या कानाला थोडा उशिरा पोहोचतो. हा उशीर जास्तीत जास्त 0.6 ते 0.7 मिलिसेकंद असतो आणि मेंदू तेवढ्यावरून बाजू ओळखतो. वरच्या पट्टीत डोके आड येते आणि दूरच्या कानाला आवाज मंद लागतो. लॉर्ड रॅले यांनी या दोन खुणांची सांगड 1907 मध्ये घातली. पण समोर आणि पाठीमागे, वर आणि खाली यांचा निकाल या दोन खुणांनी लागत नाही. नेमके समोरून आलेला आणि नेमका मागून आलेला आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी आणि सारख्याच जोराने मिळतो. तिथे कानाच्या पाळीच्या घड्या कामाला येतात. उंच पट्टीतला, साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज त्या घड्यांवर आपटून दिशेप्रमाणे बदलतो. डोके, खांदे आणि पाळी मिळून आवाजावर जो संस्कार करतात, त्याचे मोजमाप म्हणजे एचआरटीएफ. तरीही शंका उरलीच तर माणूस मान किंचित वळवतो. आवाज कोणत्या कानाकडे सरकला यावरून पुढचे-मागचे लगेच कळते. हान्स वालाख यांनी हे 1940 मध्येच प्रयोगाने दाखवले होते.

आता ॲम्बिसोनिक. 1970 च्या दशकात ऑक्सफर्डचे गणिती मायकेल गर्झन यांनी या पद्धतीचा पाया घातला. एका बिंदूपाशी येणारा सगळा आवाज गोलाच्या गणितात बसवायचा: पहिल्या क्रमाला चार वाहिन्या, दुसऱ्याला नऊ, तिसऱ्याला सोळा. या गणिताचा मोठा गुण असा, की गोल हवा तसा फिरवता येतो. ऐकणाऱ्याने मान डावीकडे वळवली की सगळा गोल उजवीकडे वळवायचा आणि आवाज आपल्या जागी राहतो. हिशेब स्वस्त आणि निकाल सुरेख. पहिल्या मताचा सगळा भरवसा याच गुणावर आहे.

गोल फिरतो, पण सरकत नाही. त्याचा मध्य म्हणजे माइकची जागा, आणि ऐकणारा त्या जागेला बांधलेला राहतो. हे बंधन कुठे जाणवते आणि कुठे नाही, ते साध्या भूमितीने मोजता येते. आवाज 2 मीटरवर असेल आणि ऐकणारा 1 मीटर बाजूला सरकला, तर त्या आवाजाची दिशा सुमारे 27 अंशांनी बदलायला हवी. 1 मीटर पुढे सरकला तर अंतर निम्मे होते आणि थेट आवाज 6 डेसिबलने वाढायला हवा. आवाज 50 मीटरवर असेल तर त्याच एका पावलाने दिशा जेमतेम 1 अंश बदलते, पातळी 0.2 डेसिबलनेही नाही. समोरच्या आवाजाच्या दिशेतला फरक माणसाला फार तर एका अंशापर्यंत ओळखता येतो. म्हणजे लांबच्या आवाजाबाबत गोल मुद्रण एवढ्याशा हालचालीत पकडले जात नाही आणि जवळच्या आवाजाबाबत पहिल्याच पावलाला उघडे पडते.

दंडारीच्या रिंगणात हे उघडे पडणे कसे असेल? गुसाडी रिंगणाने फिरतात. एकाच्या पायांतले घुंगरू ऐकणाऱ्यापासून हातभर अंतरावरून जातात, दुसऱ्याचे मागून. मध्ये ढोल, तुडुम आणि सनईच्या जातीचे पेपरे. ऐकणारा ढोलाकडे दोन पावले चालत गेला तर चित्रातला ढोल जवळ येतो, आवाजातला तिथेच राहतो. डोळा एक सांगतो, कान दुसरे. अशा भांडणात मेंदू बहुधा डोळ्याचे ऐकतो, पण आपण तिथे असल्याची भावना त्या क्षणी विरते. शिवाय गोल मुद्रणाला पट्टीचेही दुखणे आहे. पहिल्या क्रमाचा गोल मध्यापासून जितक्या पसाऱ्यात खरा असतो, तो पसारा पट्टी चढेल तसा आकसतो. माणसाच्या डोक्याची त्रिज्या पावणेनऊ सेंटिमीटर धरली तर सुमारे 620 हर्ट्झच्या वर गोल दोन्ही कानांपर्यंत नीट पोहोचत नाही. तिसऱ्या क्रमाला ही मर्यादा 1,900 हर्ट्झच्या आसपास जाते. 10 किलोहर्ट्झपर्यंत न्यायची तर सोळावा क्रम लागेल, म्हणजे 289 वाहिन्या. ढोलाचा घुमारा या मर्यादेच्या आत बसतो. घुंगरांची छमछम जवळजवळ सगळीच बाहेर राहते, आणि रिंगणात कोण कुठे आहे हे सांगणारा आवाज घुंगरांचाच. नव्या डीकोडिंग पद्धती उंच पट्टीतली ही तूट बऱ्यापैकी झाकतात, हे मान्य केले पाहिजे. पण चार वाहिन्यांत जो तपशील शिरलाच नाही, तो कोणतीही पद्धत बाहेर काढू शकत नाही.

तेव्हा मुद्रण ‘जसे होते तसे’ असते, हा दावा टिकत नाही. ते एका बिंदूवरून, एका क्षणी, अमुक एका पट्टीपर्यंत जसे होते तसे असते. रिंगणाच्या मधोमध उभा केलेला माइक हा कुणाचाही कान नाही. तिथे ना नाचणारा उभा असतो ना पाहणारा.

कुंटाल्यापाशी चित्र पालटते. पाणी सुमारे 45 मीटर उंचीवरून कोसळते आणि पायऱ्या उतरून खाली जावे लागते. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला धबधबा लांब असतो, तिथे सगळी दरी मिळून एकच आवाज करते. इथे गोल मुद्रणाला तोड नाही. ऐकणारा कठड्यापाशी उभा राहून मान वळवील, फार तर एखादे पाऊल इकडेतिकडे करील, आणि गोल फसणार नाही. दुसऱ्या मताचे लोक इथे सपशेल चुकतात. ते धबधबा ही एक ‘वस्तू’ मानतात, तिला चित्राच्या मध्यावर एक बिंदू देतात आणि त्या बिंदूतून पाण्याचा आवाज सोडतात. परिणाम असा, की नदीभर कोसळणारे पाणी टाचणीच्या छिद्रातून गळाल्यासारखे ऐकू येते. पाण्याचा पडदा बिंदू नसतो. त्याची रुंदी ऐकू यायची असेल तर पडद्याच्या लांबीभर पाच-सहा उगम ठेवावे लागतात, आणि प्रत्येक उगमाला पाण्याच्या मुद्रणाचा वेगवेगळा तुकडा द्यावा लागतो. सगळ्यांना एकच तुकडा दिला तर लाटा एकमेकींत मिसळतात, आवाज पोकळ होतो आणि ऐकणारा चालू लागला की शिट्टीसारखा डोलतो. पायऱ्या उतरताना गोल हळूहळू मंद करत न्यायचा आणि हे उगम वर आणायचे. तळाशी पोहोचेपर्यंत गोल पार्श्वभूमीपुरताच उरतो. एकाच धबधब्याला दोन पद्धती लागतात. कोणती कधी, हे धबधबा ठरवत नाही, ऐकणाऱ्याचे अंतर ठरवते.

दुसऱ्या मताचा आणखी एक हट्ट असा, की प्रत्येक ऐकणाऱ्याच्या कानाचे स्वतंत्र मोजमाप नसेल तर सगळे व्यर्थ. मोजमापे आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने 1994 मध्ये केमार नावाच्या पुतळ्यावर 710 दिशांची मापे घेतली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या सिपिक प्रयोगशाळेने 2001 मध्ये 45 जणांची, प्रत्येकी 1,250 दिशांची मापे खुली केली. परक्याच्या कानांनी ऐकताना उंचीचा अंदाज चुकतो आणि पुढचे-मागचे अदलाबदल होते, हेही खरे. पण यातली पुढच्या-मागच्याची चूक मान वळवण्याने बरीच भरून निघते, आणि हेडसेटमध्ये मान वळवण्याची नोंद आपोआपच होत असते. आपल्या कानाची नेमकी मापे हाती असलेला, पण मान जखडलेला श्रोता, आणि परक्याचे कान असलेला, पण मान मोकळी असलेला श्रोता, यांत पुढचे-मागचे ओळखण्यात दुसराच सरस ठरतो. सोनीने 2020 मध्ये प्लेस्टेशन 5 बरोबर सुरुवातीला पाच ठरावीक एचआरटीएफ दिले आणि त्यांतला एक निवडायला सांगितले. केसलापूरच्या जत्रेत मंडप टाकून दिवसभरात शेकडो लोकांना हेडसेट घालून द्यायचे तर प्रत्येकाचे कान मोजत बसणे हा विनोदच आहे.

या मान वळवण्याच्या आधारावर एक अट मात्र कडक आहे. मान वळली आणि आवाज उशिरा फिरला, तर मदत करणारी खूण उलटी फसवते. साधारण 60-70 मिलिसेकंदांपलीकडचा उशीर लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला जाणवू लागतो. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनचा उशीर 100 ते 200 मिलिसेकंदांचा असतो. मान सेकंदाला 100 अंश वेगाने फिरत असेल तर 150 मिलिसेकंदांत ती 15 अंश पुढे गेलेली असते. घुंगरू उजवीकडे दिसतात आणि वाजतात कानशिलासमोर. कानाचे मोजमाप, गोलाचा क्रम, प्लगइनचे नाव यांवर तासन्‌तास वाद घालणारे हेडफोनच्या वायरीचा विषय काढत नाहीत. शंभर-दोनशे रुपयांची वायर इथे महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त काम करते.

सगळ्या आवाजांना अवकाशात बसवलेच पाहिजे, हेही खरे नाही. दंडारीची माहिती सांगणारा मराठी किंवा तेलुगू निवेदक हा त्या गावातला माणूस नाही. त्याचा आवाज कोपऱ्यातल्या झाडातून आणला तर ऐकणारा झाडाकडे पाहत बसतो. तो साध्या स्टिरिओत, डोक्याबरोबर फिरणारा ठेवणेच योग्य. निंजा थिअरीच्या हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस या 2017 च्या खेळात नायिका सेनुआच्या मनातले आवाज पुतळ्याच्या डोक्यात बसवलेल्या माइकांनी मुद्रित केले होते. ते मान वळवली तरी वळत नाहीत आणि तसेच असायला हवेत, कारण ते जगात नाहीत, तिच्या डोक्यात आहेत. मान वळवली तरी न वळणारे मुद्रण रिंगणासाठी निकामी, इथे मात्र अगदी चपखल.

उलट टोकाचे उदाहरण परधानांच्या किंगरीचे. गोंडांच्या कुळांच्या कथा गाणारे परधान ही तंतुवाद्याची साथ घेतात. आवाज लहान, बैठक जवळची. सर्वसाधारण एचआरटीएफ एक मीटर किंवा त्याहून जास्त अंतरावरून मोजलेले असतात. आवाज हातभर अंतरावर आला की खालच्या पट्टीतही दोन कानांतला फरक एकदम वाढतो, आणि हा बदल लांबून घेतलेल्या मापांत नसतो. नुसती पातळी वाढवली तर किंगरी जवळ येत नाही, मोठी होते. जवळच्या आवाजासाठी वेगळी दुरुस्ती करणारे ध्वनी-इंजिन, म्हणजे आवाज अवकाशात बसवणारे सॉफ्टवेअर, निवडणे हाच यावर उपाय आहे. प्रत्येक इंजिनात ती सोय असतेच असे नाही, म्हणून ते आधीच तपासावे लागते.

अंतराचा बोध मुख्यतः परतीच्या आवाजातून होतो: थेट येणारा किती आणि भिंतींवरून परतलेला किती. याच जिल्ह्यातल्या जैनथच्या दगडी देवळात घंटा वाजली आणि केसलापूरच्या मोकळ्या मैदानात वाजली, तर फरक घंटेत नसतो, परतीत असतो. मैदानात परती जवळजवळ नसते. तिथे सवयीने घुमारा मिसळणे ही खेळांतली सर्रास चूक आहे. गाभाऱ्यासाठी भिंतींचे पहिले पाच-सात पडसाद दिशेसकट दिले की पुढचा घुमारा ढोबळ असला तरी चालतो.

खर्चाचा मुद्दा दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने ओढतात. प्रत्येक सुट्या आवाजाला 256 अंकांची गाळणी दोन्ही कानांसाठी लावली, तर 48 किलोहर्ट्झवर 40 आवाजांना सेकंदाला सुमारे 98 कोटी गुणाकार लागतात. हेच 40 आवाज आधी तिसऱ्या क्रमाच्या गोलात बसवले आणि शेवटी गोलाच्या सोळा वाहिन्यांनाच गाळणी लावली, तर सुमारे 42 कोटी. आवाज 80 झाले तर पहिला आकडा दुप्पट होतो, दुसरा 45 कोटींवर थांबतो. युक्तीने हे आकडे दोन्हीकडे कमी होतात, पण प्रमाण साधारण असेच राहते. गूगलने आपल्या रेझोनन्स ऑडिओ या इंजिनात हाच गोलाचा मार्ग घेतला, तो साध्या फोनवर चालावा म्हणून.

आणि इथेच पहिल्या मताचा मूळ गोंधळ दिसतो. ॲम्बिसोनिक हे नाव दोन वेगळ्या कामांना आहे: जागेवर आवाज टिपण्याची पद्धत, आणि सुटे आवाज एकत्र करून कानापर्यंत नेण्याची पद्धत. दुसऱ्या कामात प्रत्येक घुंगराची जागा इंजिनाला ठाऊक असते. ऐकणारा चालला की त्या जागा नव्याने मोजून मगच गोल बांधला जातो. त्यामुळे चालण्याचे बंधन त्या गोलाला लागूच पडत नाही, पट्टीच्या मर्यादेचा थोडा मऊपणा तेवढा राहतो. तोही नको असेल तर हातभर अंतरावरचे चार आवाज थेट एचआरटीएफमधून आणि बाकीचे गोलातून न्यावेत. ‘गोल की वस्तू’ हा झगडा मुद्रणाच्या वेळी खरा आहे, वाजवण्याच्या वेळी नाही.

टिकाऊपणाचा प्रश्नही मुद्रणाच्याच वेळी सुटतो किंवा फसतो. 1990 च्या दशकाच्या शेवटी ऑरियल कंपनीच्या ए3डी तंत्राने संगणकावरच्या खेळांना त्रिमितीय आवाज दिला. प्रतिस्पर्धी क्रिएटिव्ह कंपनीशी कोर्टकचेरी झाली, ऑरियल दिवाळखोरीत गेली आणि 2000 मध्ये तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच घेतली. पुढे विंडोज व्हिस्टाने साउंड कार्डावरचा डायरेक्टसाउंडचा मार्गच बंद केला आणि अनेक जुने खेळ सपाट ऐकू येऊ लागले. एका तंत्रात भाजून काढलेला आवाज त्या तंत्राबरोबर जातो. सुटे आणि कोरडे, म्हणजे घुमाऱ्याविना घेतलेले, मुद्रण असेल तर ते उद्याच्या इंजिनात पुन्हा बसवता येते. वाल्व्ह कंपनीचे स्टीम ऑडिओ हे इंजिन 2024 पासून खुल्या परवान्यावर उपलब्ध आहे, उद्या दुसरे काही येईल. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांचे आदिलाबादच्या राजगोंडांवरचे पुस्तक 1948 मध्ये आले. दंडारीचे मुद्रण तितकी वर्षे वापरात राहावे अशी इच्छा असेल तर चार वाहिन्यांचा गोल हा त्याचा एकमेव ठेवा असू शकत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे. सुटे मुद्रण म्हणजे प्रत्येक नाचणाऱ्याच्या अंगावर माइक. गुसाडी त्या दिवसांत व्रतस्थ असतो, गाव त्याच्याकडे देव म्हणून पाहते. त्याच्या कमरेला ट्रान्समीटर बांधा म्हणणे हे तंत्राच्या सोयीसाठी विधी मोडायला सांगणे आहे, आणि गोल माइकचे समर्थक इथे बरोबर आहेत. पण त्यावरून सुटे आवाज मिळूच शकत नाहीत असे ठरत नाही. विधीच्या दिवशी गावाच्या पटेलांच्या संमतीने रिंगणाबाहेर, पाहणाऱ्यांच्या उंचीवर गोल माइक ठेवावा आणि आत काहीच नेऊ नये. ढोल, तुडुम आणि पेपरे वाजवणाऱ्यांकडून दुसऱ्या दिवशी, मानधन देऊन, एकेक वाद्य मोकळ्या माळावर जवळून मुद्रित करावे. घुंगरांच्या चालीही, गाव हो म्हणेल तर, तशाच व्रताबाहेर घ्याव्यात. वाजवताना विधीच्या दिवसाचा गोल पार्श्वभूमीला राहतो: गर्दी, लांबचा ढोल, कुत्री, मुलांचा गलका. जवळचे आवाज त्यावर चित्रातल्या जागेनुसार बसतात. कोणता आवाज त्या दिवशीचा आणि कोणता नंतर घेतलेला, हे अनुभवाच्या सुरुवातीलाच मराठी, तेलुगू आणि गोंडीत सांगितले की बनावटीचा आरोप उरत नाही. ज्या गावाने नंतरच्या मुद्रणाला नकार दिला, तिथे ऐकणाऱ्याला रिंगणात चालू देऊ नये. त्याला बाहेर, माइक होता त्याच जागी, पाहणाऱ्यांत उभे करावे आणि फक्त मान वळवू द्यावी.